गुरुवारची खोली

नोकरीत असताना या गोष्टी कुणाला सांगाव्यात असं कधी वाटलं नाही. सांगायला वेळही नव्हता. आता आम्ही सगळे रिटायर झालो आहोत आणि महिन्या-दोन महिन्यांतून कुणाच्या तरी घरी जमतो. तर्री-पोह्यांच्या बश्या हातात येईपर्यंत गुडघे, ब्लडप्रेशर आणि नातवंडं हे विषय उरकलेले असतात. मग कुणीतरी म्हणतं, "त्या खाप्याच्या पोरीचं काय झालं होतं हो?" आणि एकातून दुसरं निघत जातं. परवा माझी सून म्हणाली, "आई, हे लिहून ठेवा. तुम्ही दर वेळी थोडं थोडं बदलून सांगता." तेव्हा आणखी बदलायच्या आत लिहून टाकते.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ होणार नाही. नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही होतो. डॉक्टर घटवाई लहान मुलांचे डॉक्टर. बोलणं कमी, ऐकणं जास्त. डॉक्टर बोकारे हाडांचे. त्यांचा आवाज त्यांच्या आधी वॉर्डात पोचायचा. मेश्राम हे आमच्या वर्कशॉपचे कारागीर. पोलिओ झालेल्या मुलांच्या पायांना लावायचे लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि बूट ते बनवत. आणि मी, देवगडेबाई, मेडिकल सोशल वर्कर. माझ्या दारावर 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी होती, पण खेड्यांतून येणाऱ्या बायका मला 'कागदवाली बाई' म्हणत. हरवलेला कागद शोधायला शेवटी माझ्याकडेच यावं लागे.

*

सुरुवात भिवापूरच्या शेवंताबाईपासून झाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट.

ओपीडीच्या मागे एक कडुलिंब होता. एका मंगळवारी दुपारी मी तिथून जात होते, तर एक बाई तीन विटांवर भात शिजवत होती. शेजारी सतरंजीवर चारेक वर्षांची मुलगी. मान सावरत नव्हती, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. हीच बाई मला आदल्या दिवशीही तिथे दिसली होती. वाटलं, वॉर्डात घरचं कुणी भरती असेल. विचारलं, तर म्हणाली, नाही, या मुलीलाच दाखवायला आणलं आहे.

मुलीचं नाव मंदा. जन्मली तेव्हा रडली नव्हती. पाय ताठ, मधूनमधून झटके, डोळे तिरळे, घास गिळताना ठसका. हाडांची ओपीडी सोमवारी, लहान मुलांची मंगळवारी, डोळ्यांची बुधवारी, आणि व्यायामाची पाळी शुक्रवारी. छोट्या रुळांच्या गाडीनं रोज भिवापूरला जाणं-येणं मुलीला झेपत नव्हतं. म्हणून शेवंताबाई महिन्यातला एक आठवडा या झाडाखालीच काढायची. सोमवारी यायची आणि शुक्रवारच्या गाडीनं परत जायची. दीड वर्ष असं चाललं होतं. घरी आणखी दोन मुलं होती, ती तेवढे दिवस सासूजवळ.

मी जरा रागानंच विचारलं, की इथे तुमच्याशी कुणी नीट बोलत नाही का? तर ती डॉक्टरांचीच बाजू घ्यायला लागली. सगळे चांगले आहेत, कुणी हिडीसफिडीस करत नाही, म्हणाली. मग भाताचं पातेलं खाली उतरवता उतरवता सहज बोलली,

"फक्त येवढं सांगा बाई. पाय सोमवारी पाह्यते, डोळे बुधवारी पाह्यते. पोरगी पूर्ण कोनत्या दिवशी पाह्यते?"

मी तशीच डॉक्टर घटवाईंच्या खोलीत गेले आणि तिचं बोलणं जसंच्या तसं त्यांना सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मला वाटलं, विषय संपला.

मी दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून म्हणाले, "गुरुवारी. तिला सांगा, गुरुवारी."

*

गुरुवार ठरला, पण सगळ्या डॉक्टरांनी एकत्र बसायचं कुठे?

डॉक्टर बोकारे हे घटवाईंना सात-आठ वर्षांनी सीनियर. ते घटवाईंच्या ओपीडीत येऊन बसणार नाहीत, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. आणि अशी नाजूक मुलं हाडांच्या ओपीडीत न्यायची तर तिथे प्लॅस्टरची धूळ आणि गर्दी. दोन आठवडे मी इकडची चिठ्ठी तिकडे नेत होते. शेवटी मेश्रामांनी मार्ग काढला. वर्कशॉपला लागून मोडक्या खाटांनी भरलेली एक खोली होती. त्यांनी कुणाला न विचारता एकेक खाट दुरुस्त करून वॉर्डात पाठवली आणि खोली झाडून घेतली. मी विचारलं, ही खोली कुणाच्या ताब्यात आहे? ते म्हणाले, कुणाच्याच नाही, म्हणूनच चालेल.

पहिल्या गुरुवारी खोलीत चार स्टुलं होती आणि हातांची एकच खुर्ची. दोघे डॉक्टर नेमके एकाच वेळी दारात आले आणि दोघांनीही खुर्चीकडे पाहिलं. घटवाई म्हणाले, तुम्ही बसा. बोकारे म्हणाले, नाही, तुम्ही बोलावलंय, तुम्ही बसा. दोघेही नम्रपणेच बोलत होते, पण बसत कुणीच नव्हतं. शेवंताबाई मंदाला कडेवर घेऊन भिंतीशी उभी.

मेश्रामांनी काही न बोलता मंदाला तिच्याकडून घेतलं, खुर्चीत बसवलं आणि दोन्ही बाजूंना चादरीच्या घड्या लावल्या.

"हिले टेकाले लागते, साहेब," ते म्हणाले.

दोघे डॉक्टर स्टुलांवर बसले.

त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनाही बोलावून आणलं आणि मंदाला दीड तास पाहिलं. व्यायामाच्या वेळी ती फार रडते, करूच देत नाही, अशी तक्रार होती. तर निघालं असं, की ती भुकेनं रडायची. आणि भुकेली असायची, कारण आडवं घेऊन भरवल्यावर ठसका लागतो म्हणून आई तपासणीला किंवा व्यायामाला न्यायच्या आधी तिला काही खाऊच घालत नव्हती. खुर्चीत नीट ताठ बसवून भरवलं तर ती बरीच चांगली गिळते, हे तिथेच भाताच्या चार घासांनी कळलं. व्यायाम शिकवणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, घटवाईंना ठाऊक नव्हतं, आणि आईला कुणी विचारलं नव्हतं.

शेवंताबाई त्याच दिवशीच्या गाडीनं घरी गेली. ती खुर्ची पुढे पंधरा वर्षं त्या खोलीत होती. तिच्यात मोठं माणूस बसलेलं मी पाहिलं नाही.

*

उमरेडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातू बंडू, सहा वर्षांचा, आल्या आल्या टेबलावर डोकं टेकून झोपला. शाळेच्या मास्तरांची चिठ्ठी सोबत होती. मुलगा मंदबुद्धी आहे, त्याला वर्गात बसवून उपयोग नाही, असं तिच्यात लिहिलं होतं.

मुलाला दोन वर्षांपूर्वी झटके सुरू झाले होते. आजोबांनी आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गोळी दिली. मग आमच्याकडे आणलं, आम्ही गोळी दिली. मग जावयानं शहरातल्या कुठल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनीही गोळी दिली. आधीची चालू आहे का, हे कुणी विचारलं नाही. आजोबांना वाटलं, तीन डॉक्टरांनी दिलंय तर तिन्ही द्यावं, लवकर बरं वाटेल. मोठ्या इमानदारीनं ते वेळेवर तिन्ही गोळ्या देत होते.

त्यांनी पिशवीतून तीन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. घटवाईंनी चष्मा पुसून तिन्ही वाचली. नावं तीन, कंपन्या तीन, औषध एकच.

"हा मुलगा मंद नाही," ते म्हणाले. "हा झोपलेला आहे."

अशी औषधं एकदम बंद करता येत नाहीत. बंडूला भरती करून घेतलं आणि हळूहळू, मोजून मापून गोळ्या कमी केल्या. एकच गोळी ठेवली. झटके काही वाढले नाहीत. पुढे दोनेक महिन्यांनी आजोबा गुरुवारी पुन्हा आले, ते चेहरा पाडूनच. आम्ही सगळे घाबरलो. झटके आले का? नाही. जेवत नाही का? जेवतो. शाळेत घेत नाहीत का? घेतात.

मग नातवाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं घटवाईंकडे वाकून ते म्हणाले, "साहेब, पोट्टं दिवसभर बोलून राह्यलं. त्यातली एखादी गोळी परत सुरू नाई का करता येत?"

त्याच आठवड्यात आम्ही पिवळं कार्ड काढलं. एका मुलाचं एकच कार्ड, कुणीही औषध दिलं, काही सांगितलं, तरी त्यावरच लिहायचं आणि कार्ड आईजवळ राहणार. बोकाऱ्यांचा याला विरोध होता. बायका कार्ड हरवतील, म्हणाले. पुढे जी काही कार्डं हरवली, ती बहुतेक आमच्याच टेबलांवरून.

*

हा किस्सा छोटा आहे.

चार वर्षांचा एक मुलगा व्यायामासाठी पाठवला होता. कागदावर लिहिलं होतं, 'हट्टी आहे, सांगितलेलं करत नाही.' पाय थोडे अशक्त होते, पण खरी तक्रार हट्टाची. बोकारे त्याला मोठ्यानं सांगत होते, उभा राहा, उभा राहा. मुलगा पाठ करून लाकडी ठोकळ्यांशी खेळत होता.

इतक्यात मेश्रामांनी वर्कशॉपच्या दारात ऐरणीवर कॅलिपरची पट्टी ठेवून घण घातला. मी दचकले. बाया दचकल्या. डॉक्टर बोकाऱ्यांच्या हातातला टॉर्च पडला. मुलानं एका ठोकळ्यावर दुसरा ठेवला.

मेश्रामांनी घण बाजूला ठेवला आणि आत आले.

"साहेब, हे हट्टी नाई. याले ऐकूच येत नाई."

*

आता ती खाप्याची पोरगी. नाव नलू, वय सात. एका पायाला पोलिओ. वडील विणकर. मेश्रामांनी तिला असा कॅलिपर बनवून दिला होता की बोकाऱ्यांनी तो शिकाऊ डॉक्टरांना नमुना म्हणून दाखवला. दवाखान्याच्या व्हरांड्यात नलू तो घालून इकडून तिकडे चालत गेली. तिची आई रडली, आम्ही सगळे खूश झालो.

तीन महिन्यांनी आली ती आईच्या कडेवर. कॅलिपर पिशवीत, नव्यासारखा चकचकीत. घरी वापरलाच नव्हता. का, म्हणून विचारलं तर आई खाली मान घालून उभी. पुढच्या खेपेलाही तेच. बोकारे चिडले आणि पिवळ्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आई निष्काळजी.'

त्यानंतरच्या रविवारी मेश्राम एसटीनं खाप्याला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. गुरुवारी ते नलूचं कार्ड घेऊनच खोलीत आले आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं.

घर एका खोलीचं, शेणानं सारवलेलं. अर्ध्या खोलीत माग. स्वयंपाक, जेवण, निवडणं-टिपणं सगळं जमिनीवर मांडी घालून. कॅलिपर गुडघ्यात वाकत नव्हता, तो घातला की नलूला खाली बसता यायचं नाही आणि बसलीच तर उठता यायचं नाही. त्यात तो बुटाला जोडलेला, आणि बूट घालून घरात, चुलीजवळ कसं यायचं? म्हणजे कॅलिपर घातला की नलूला घराबाहेर एकटं उभं राहावं लागायचं. परसाकडला जायचं तर आणखीच पंचाईत. शेवटी आईनं तिला कॅलिपर काढून घरात घेतलं होतं.

"आपन पाय पाह्यला, साहेब," मेश्राम म्हणाले. "घर नाई पाह्यलं."

बोकाऱ्यांना असं तोंडावर सांगणारं दवाखान्यात कुणी नव्हतं. त्यांनी नलूचं कार्ड मागितलं, खिशातून पेन काढलं आणि स्वतःच लिहिलेल्या ओळीतला 'आई' हा शब्द खोडून त्याच्यावर 'आम्ही' असं लिहिलं. मग मेश्रामांना विचारलं, गुडघ्याला खीळ बसवता येईल का, बसताना सोडवता येईल अशी?

मेश्रामांच्या पिशवीत ती तयारच होती. आणि घरात घालायला वेगळी चामड्याची सपातही, जी कॅलिपरला जोडता-काढता येत होती. पुढच्या वेळी नलू बसस्टँडपासून आमच्या फाटकापर्यंत चालत आली होती. आईला उशीर झाला, म्हणे, तिच्यामुळे. ती रस्त्यात प्रत्येक दुकानासमोर बसून-उठून दाखवत होती.

*

नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या कौसल्याबाईंचा मुलगा राहुल, नऊ वर्षांचा. त्याला सिकल सेलचा आजार. यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. मूल दुखण्यानं तळमळतं. थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं, की आणखी वाढतं. आमच्या भागात ही मुलं पुष्कळ.

कौसल्याबाई चौथी शिकल्या होत्या. धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी वडिलांनी तिन्ही मुलींना शाळेत घातलं, असं त्या सांगत. कार्डावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर त्या वाचून घेत. कळलं नाही तर डॉक्टरला पुन्हा विचारत, आणि कळेपर्यंत उठत नसत.

राहुलच्या नडगीचं हाड आतून पिकलं होतं. ऑपरेशन करून साफ करायचं ठरलं. अशा ऑपरेशनला रक्त कमी जावं म्हणून मांडीला घट्ट पट्टा आवळतात. या मुलांना तोच घातक. म्हणून घटवाई आणि बोकारे दोघांनी बसून कार्डावर लिहिलं होतं, 'सिकल सेल. पट्टा आवळू नये. आदल्या दिवसापासून सलाइन. थंडी लागू देऊ नये. बालरोग विभागाला कळवल्याशिवाय नेऊ नये.'

नेमके त्या आठवड्यात बोकारे भावाच्या आजारपणामुळे अकोल्याला गेले. पाय अचानक जास्त सुजला. मंगळवारी सकाळी नवीन आलेला हाउसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, राहुलला ऑपरेशनला न्यायला आला. पोरगा हुशार होता, मेहनती होता, पण आठ दिवसांपूर्वीच आलेला. कौसल्याबाई स्ट्रेचरच्या पुढे उभ्या राहिल्या आणि कार्ड त्याच्यासमोर धरलं.

त्यानं कार्डाकडे वरवर पाहिलं आणि समजुतीनं सांगितलं, की बाई, हे गुरुवारच्या क्लिनिकचं कार्ड आहे. आज मंगळवार आहे. वॉर्डाचे कागद वेगळे असतात.

कौसल्याबाई बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"डॉक्टर साहेब, ही बिमारी का फक्त गुरुवारीच राह्यते?"

तो थांबला. मग त्यानं कार्ड हातात घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या पहिल्यापासून वाचलं. तोवर नर्सनं मला बोलावलं होतं. त्यानं घटवाईंना फोन केला. दिवसभर सलाइन चाललं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, पट्टा न आवळता. राहुल तीन आठवड्यांनी घरी गेला.

तो हाउसमन आता स्वतः मोठा डॉक्टर आहे. त्या दिवसानंतर तो कुठल्याही मुलाला हात लावण्याआधी आईला विचारायचा, "काही कागद आहे का तुमच्याजवळ?"

*

मोरेश्वर सायकलरिक्षा चालवायचा. त्याचा मुलगा अशोक आठ वर्षांचा. पायांच्या पोटऱ्या जाड, पण ताकद नाही. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहायचा. ज्यांना माहीत आहे त्यांना एवढ्यावरून कळतं. स्नायू हळूहळू संपत जाण्याचा हा आजार, आणि त्यावर औषध नाही.

पण मोरेश्वरला हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे येण्यापूर्वी दोन वर्षं तो ठिकठिकाणी फिरला होता. एकानं टॉनिक दिलं. एकानं म्हटलं, भरपूर व्यायाम करून घ्या. एकानं म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. आमच्याच दवाखान्यातल्या दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातलं व्यायामाचं मोरेश्वरनं मनावर घेतलं. रोज सकाळी तो अशोकला फुटाळा तलावाच्या काठानं चालवायचा. मुलगा थकून बसला की रागवायचा. एक-दोनदा हातही उचलला होता.

त्या गुरुवारी मोरेश्वर येण्याआधी घटवाई आणि बोकारे दार लावून बसले. काय सांगायचं, कुणी सांगायचं, हे ठरवायला त्यांना अर्धा तास लागला. मग मोरेश्वरला आत बोलावलं. अशोकला मेश्रामांनी वर्कशॉपमध्ये नेलं. घटवाईंनी सगळं सांगितलं. हळूहळू चालणं बंद होईल, मग बसणंही अवघड जाईल, आणि आयुष्य फार मोठं नसेल. काय करता येईल तेही सांगितलं. बोकारे बाजूला बसून होते. मोरेश्वरनं मध्येच त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी फक्त मान हलवली, की हेच खरं आहे.

आम्हाला वाटलं, तो विचारेल, दुसरा काही उपाय आहे का, मुंबईला नेऊ का. सगळे तेच विचारतात.

"म्हंजे," तो म्हणाला, "तो आळस नोता करत?"

घटवाई म्हणाले, "नाही. तो पूर्ण ताकदीनं चालत होता."

मोरेश्वर उठून वर्कशॉपमध्ये गेला. अशोक लोखंडाच्या चकत्या मोजत बसला होता. बापानं त्याच्या पायांजवळ खाली बसून दोन्ही पावलं मांडीवर घेतली.

त्यानंतर फुटाळ्याला ते जायचे, पण रिक्षातून. अशोकला पाण्याकडे तोंड करून बसवायचं आणि दोघांनी चणे खायचे. दर गुरुवारी मोरेश्वर मुलाला घेऊन आमच्याकडे यायचा. येताना बसस्टँडवर थांबून, कडेवर मूल घेतलेली बाई दिसली की तिलाही रिक्षात घ्यायचा. अशोक पुढे सरकून जागा करून द्यायचा आणि खोलीचा पत्ता तोच समजावून सांगायचा.

अशोक गेला, त्यानंतरच्या गुरुवारी मोरेश्वर येईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. साडेनऊला रिक्षा फाटकाशी उभी होती. आत सावनेरच्या बसनं आलेली दोन मुलं होती.

*

आता आमच्यात सगळ्यात जास्त वेळा सांगितला जाणारा किस्सा.

कुणीतरी वर तक्रार केली होती, की दोन वरिष्ठ डॉक्टर गुरुवारी आपापल्या ओपीडीत सापडत नाहीत. तपासणीसाठी मुंबईहून एक अधिकारी आले. माणूस सभ्य होता, आवाज न चढवता बोलणारा. त्यांनी या क्लिनिकची फाइल मागितली. फाइल नव्हती. मंजुरीचा आदेश मागितला. तो नव्हता. इथला प्रमुख कोण, विचारलं. बोकाऱ्यांनी घटवाईंकडे पाहिलं, घटवाईंनी माझ्याकडे, मी मेश्रामांकडे, आणि मेश्रामांनी हातातल्या बुटाकडे.

साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते दिसलं नाही, पण अंदाज आला. बोकारे कुणापुढे ऐकून घेणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनीही ऐकून घेतलं. कारण कागदावर पाहिलं तर साहेबांचं बरोबर होतं.

त्यांच्याजवळ एक छापील तक्ता होता, त्यात रुग्ण कोणत्या विभागाचा हे भरायचं होतं. ते भरण्यासाठी त्यांनी पहिल्याच बाईला गाठलं. ती भंडाऱ्याकडची, सरूबाई. मांडीवर तीन वर्षांचा मुलगा. त्याच्या पाठीच्या कण्यावर जन्मतः गाठ होती, पाय लुळे होते आणि लघवीवर ताबा नव्हता. आमच्याकडे बाया मुलांना घेऊन भिंतीशी बसत आणि एकेक डॉक्टर त्यांच्यापाशी जात, कारण अशा मुलांना उचलून इकडून तिकडे न्यायचं म्हणजे त्यांचे हालच.

साहेबांनी सौम्यपणे विचारलं, बाई, तुम्ही कोणत्या डॉक्टरांकडे आलात? तिला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, हाडांच्या, की लहान मुलांच्या?

सरूबाईनं मुलाच्या पायांवरचा पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"मी कोनाकडे नाई आली, साहेब. मी इथं बसते. डॉक्टर माह्याकडे येते."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, वही मिटली आणि तिला विचारलं, "मी बसू का इथं थोडा वेळ?"